ट्रिगर मासा आणि प्रवाळाची टाकी : आधी तोंड बघा, मग मासा निवडा



आजचा विषय जरा वेगळा आहे. खाऱ्या पाण्याच्या टाकीत प्रवाळं वाढवलेली असतील, तर त्यात ट्रिगर जातीचा मासा ठेवता येतो का? आणि ठेवायचाच असेल तर कोणता? तुम्ही म्हणाल, आपल्या शाळेचा आणि याचा काय संबंध? मलाही आधी तसंच वाटलं होतं. पण या एका प्रश्नामुळे आमच्या सातवीच्या वर्गात विज्ञानाचे तीन आणि गणिताचा एक तास असे रंगले, की ते लिहून ठेवावं असं वाटलं.

झालं असं. माझ्या बहिणीचा मुलगा अमेरिकेत असतो. त्याच्या घरी काचेची मोठी टाकी आहे. त्यात खारं पाणी, दगड, प्रवाळं, दोन क्लाउन मासे, लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या दोन कोळंब्या आणि काचेवरचं शेवाळ खाणाऱ्या गोगलगायी. त्याच्या नऊ वर्षांच्या मुलीनं वाढदिवसाला एक मासा मागितला. दुकानात तिला आवडला पिकासो ट्रिगर. दोन इंचांचा, अंगावर कुणीतरी ब्रशनं फटकारे मारावेत तसे रंग. दुकानदार म्हणाला, "अजून लहान आहे, प्रवाळांच्या टाकीत चालेल." घेतला.

दोन महिन्यांनी व्हिडिओ कॉल आला. एक कोळंबी दिसेनाशी झाली होती, दुसरीच्या फक्त मिशा सापडल्या होत्या. गोगलगायींचे रिकामे शंख वाळूत पडलेले. एक प्रवाळ दगडावरून उलटा होऊन खाली आला होता. मुलगी रडवेली होऊन मला म्हणाली, "आजी, हा मासा वाईट आहे का गं?"

या प्रश्नाला "हो" म्हटलं तर एका प्राण्यावर अन्याय होतो. नुसतं "नाही" म्हटलं तर मुलीच्या कोळंब्यांचं काय झालं ते कळत नाही. मी तिला म्हटलं, "थांब बाळा, वर्गात विचारते." आणि खरंच विचारलं.

ट्रिगर मासा म्हणजे कोण?

ट्रिगर माशांचं कुळ बॅलिस्टिडी. त्यात साधारण ४० जाती आहेत. फुगा मासा आणि पेटी मासा हे याच गणातले त्यांचे नातेवाईक. उष्ण समुद्रात, बहुतेक वेळा प्रवाळ भित्तींच्या आसपास हे मासे राहतात.

नाव ट्रिगर का? पाठीवर पुढच्या बाजूला तीन काटे असतात. पहिला लांब आणि जाड. मासा तो उभा करतो तेव्हा मागचा छोटा दुसरा काटा त्याच्या बुडाशी अडकतो आणि पहिला पक्का बसतो. आता पहिला काटा कितीही दाबा, खाली जाणार नाही. पण दुसरा छोटा काटा दाबला की पहिला लगेच पडतो. बंदुकीच्या चापासारखं. म्हणून ट्रिगर. रात्री झोपताना किंवा संकट आलं की मासा दगडाच्या फटीत शिरतो, काटा उभा करतो आणि आतच घट्ट अडकून बसतो. मग मोठ्या माशालाही तो बाहेर ओढता येत नाही.

आणखी दोन गोष्टी मुलांना चित्र दाखवून विचारा.

पहिली, डोळे इतके मागे आणि वर का? यातल्या बऱ्याच जाती काटेरी सी-अर्चिन खातात. तोंड पुढे, डोळे लांब मागे, म्हणजे काटे डोळ्यांत जाण्याची भीती कमी.

दुसरी, तोंड लहान पण दात एवढे मोठे का? पटाशीसारखे हे मजबूत दात कवच फोडायला असतात. खेकडा, शिंपला, शंख, सी-अर्चिन, काहीही. काही जाती तर तोंडातून पाण्याची पिचकारी मारून वाळू उडवतात आणि खाली लपलेलं खाणं शोधतात. सी-अर्चिनवर अशीच पिचकारी मारून त्याला उलटा करायचा आणि मऊ बाजूनं खायचा, ही युक्ती अटलांटिकमधल्या क्वीन ट्रिगरची प्रसिद्ध आहे.

आता त्या मुलीच्या टाकीत काय झालं ते तुमच्या लक्षात आलं असेल. पिकासोनं वाईट काही केलं नाही. त्याचं तोंड ज्यासाठी घडलंय तेच त्यानं केलं.

'प्रवाळांच्या टाकीत चालेल' म्हणजे नक्की काय?

इथेच बहुतेकांची गफलत होते. प्रवाळांची टाकी म्हणजे नुसती शोभेची टाकी नव्हे. ती एक छोटी वस्ती असते. दहावीच्या प्राणी वर्गीकरणाचा धडा डोळ्यांसमोर आणा. प्रवाळ हे निडारिया संघातले प्राणी, वनस्पती नव्हेत. त्यांच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहतं आणि उजेडात अन्न तयार करतं. कोळंबी आणि खेकडे संधिपाद. गोगलगायी मृदुकाय. सी-अर्चिन कंटकचर्मी. मासे पृष्ठवंशीय. पाच-सहा संघांचे प्राणी एका काचेच्या पेटीत!

म्हणून 'चालेल का?' हा एक प्रश्न नसून चार प्रश्न आहेत.

१. हा मासा प्रवाळ खातो किंवा कुरतडतो का?
२. हा मासा कोळंबी, खेकडे, गोगलगायी खातो का?
३. हा मासा दुसऱ्या माशांना त्रास देतो का?
४. हा मासा दगड हलवतो, वाळू उकरतो का?

दुकानदार बहुतेक वेळा पहिल्याच प्रश्नाचं उत्तर देतो. पिकासो मासा प्रामुख्यानं प्रवाळ खाणारा नाही, हे खरंच आहे. पण दुसऱ्या आणि चौथ्या प्रश्नात तो नापास होतो, आणि मोठा झाल्यावर तिसऱ्यातही होऊ शकतो. "लहान आहे" हे उत्तर तर अजिबात धरू नका. दोन इंचांचा पिकासो मोठेपणी २५-३० सेंटिमीटरपर्यंत वाढतो. लहानपणी न दिसलेली सवय मोठेपणी दिसते.

सोपी कसोटी : तोंड कुठे बघतंय?

ट्रिगर माशांची नावं पाठ करण्यापेक्षा मुलांना ही कसोटी शिकवा. मासा समुद्रात कुठे आणि काय खातो, ते बऱ्याचदा त्याच्या तोंडावरून कळतं.

काही ट्रिगर मासे तळाशी खातात. दगड, वाळू, फटी धुंडाळतात. त्यांचं तोंड समोर असतं, जबडा दणकट असतो, मासा सारखा खाली वाकून टोचत असतो.

काही ट्रिगर मासे भित्तीच्या वर, मोकळ्या पाण्यात थव्यानं पोहतात आणि पाण्यात तरंगणारे बारीक जीव, म्हणजे प्राणिप्लवक, टिपून खातात. त्यांची हनुवटी पुढे आलेली आणि तोंड किंचित वरच्या बाजूला वळलेलं असतं. वरून वाहत येणारं अन्न टिपायला हे सोयीचं.

प्रवाळांच्या टाकीसाठी दुसऱ्या गटातूनच मासा निवडायचा. फळ्यावर मी दोन तोंडं काढली, एक समोर बघणारं आणि एक वर बघणारं. मग डिजिटल बोर्डवर एकेक फोटो दाखवला. मुलांनी नाव माहीत नसताना दहापैकी आठ माशांचा गट बरोबर ओळखला. ही कसोटी शंभर टक्के नाही, पण सुरुवात करायला उत्तम आहे.

चालण्यासारखे ट्रिगर

निळ्या हनुवटीचा ट्रिगर. दुकानात याला ब्लूजॉ किंवा ब्लू थ्रोट म्हणतात. शास्त्रीय नाव झॅन्थिक्थिस ऑरोमार्जिनेटस. हिंदी महासागरापासून हवाईपर्यंत आढळतो. समुद्रात मुख्यतः कोपेपॉडसारखं प्राणिप्लवक खातो. साधारण २० ते २५ सेंटिमीटरपर्यंत वाढतो, म्हणजे ट्रिगरच्या मानानं आटोपशीर. नराची हनुवटी निळी आणि परांना पिवळी किनार. मादीला ही निळाई नसते. त्यामुळे नर-मादी ओळखून जोडी ठेवता येते. दोन नर मात्र एकत्र नकोत. प्रवाळांच्या टाकीसाठी ट्रिगर घ्यायचाच असेल, तर पहिलं नाव याचंच घ्यावं.

क्रॉसहॅच ट्रिगर. झॅन्थिक्थिस मेंटो. वरच्याच माशाचा भाऊबंद, प्रशांत महासागरातला. अंगावर खवल्यांची जाळीदार नक्षी. नराची शेपटी लालसर, मादीची पिवळी. सुमारे ३० सेंटिमीटर होतो. स्वभाव आणि खाणं वरच्यासारखंच. पण किंमत फार असते, त्यामुळे पहिल्यांदा पाळणाऱ्यानं याच्या मागे लागू नये.

सारगॅसम ट्रिगर. झॅन्थिक्थिस रिंजेन्स. हा पश्चिम अटलांटिकचा. याची पिल्लं सारगॅसम नावाच्या तरंगत्या शैवालाच्या आडोशानं राहतात, म्हणून हे नाव. साधारण २५ सेंटिमीटर. रंगानं साधा, वागायला बरा.

जपून घेण्यासारखे ट्रिगर

मेलिक्थिस वंशातले ट्रिगर. यातला गुलाबी शेपटीचा, म्हणजे पिंकटेल, पुष्कळ लोक ठेवतात. त्याच्या खाण्यात शैवालाचा वाटा मोठा असतो, पण खेकड्यासारखे प्राणीही तो खातो. ४० सेंटिमीटरपर्यंत वाढू शकतो. काळा ट्रिगर, म्हणजे ब्लॅक डर्गन, त्याहून मोठा, ५० सेंटिमीटरपर्यंत जाऊ शकतो. यांच्यातला लहान म्हणजे इंडियन ट्रिगर, साधारण २५ सेंटिमीटर. हे मासे प्रवाळांना सहसा हात लावत नाहीत, पण कोळंबीची खात्री देता येत नाही. शिवाय टाकी खूप मोठी लागते.

लाल दातांचा ट्रिगर. ओडोनस नायजर. निळा-जांभळा अंगरंग, चंद्रकोरीसारखी शेपटी आणि खरोखर लाल दात. समुद्रात प्लवक आणि स्पंज खातो. हनुवटी पुढे आलेली, म्हणजे आपल्या कसोटीत बसतो. पण मोठा झाला की काही मासे दांडगाई करतात, दगडांखाली खणतात आणि कोळंबी गट्ट करतात. लांब शेपटी धरून ५० सेंटिमीटरपर्यंतची नोंद आहे.

हा फोटो दाखवला तेव्हा मागच्या बाकावरचा एक मुलगा ओरडला, "बाई, हा तर आमच्या जाळ्यात येतो! कोण घेत नाय त्याला." त्याचे वडील ट्रॉलरवर असतात. त्याचं खरं होतं. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर ट्रॉलरच्या जाळ्यात हा मासा येतो. कातडी जाड, त्यामुळे खायला फारशी मागणी नाही, भाव कमी. वर्गात क्षणभर शांतता. मग एक मुलगी म्हणाली, "म्हणजे आमच्याकडे फेकतात आणि तिकडे विकत घेतात?" या प्रश्नावर पुढचा अर्धा तास गेला. मी थांबवलं नाही.

नको म्हणजे नकोच असे ट्रिगर

• पिकासो ट्रिगर, म्हणजे ऱ्हिनेकँथस वंश. हवाई राज्याचा राज्य-मासा याच वंशातला. त्याचं हवाई भाषेतलं नाव हुमुहुमुनुकुनुकुआपुआआ! मुलांना म्हणायला लावा, वर्ग खूश होतो. मासा हुशार, लवकर माणसाळतो, पण कोळंबी-खेकडे-गोगलगायी हेच त्याचं जेवण. प्रवाळं नसलेल्या मोठ्या टाकीत तो छान राहतो.

• क्लाउन ट्रिगर. काळ्या अंगावर मोठे पांढरे ठिपके, पिवळं तोंड. इतका देखणा, की बघताक्षणी घ्यावासा वाटतो. ५० सेंटिमीटरपर्यंत वाढतो. सी-अर्चिन, खेकडे, शिंपले फोडून खातो. मोठा झाल्यावर टाकीतल्या बाकीच्यांना जगू देईल याचा भरवसा नाही.

• नारिंगी पट्ट्यांचा ट्रिगर, म्हणजे अंड्युलेट. आकारानं ३० सेंटिमीटर, पण भांडखोरपणात पहिला नंबर. हा प्रवाळंही खातो. चारही प्रश्नांत नापास.

• क्वीन ट्रिगर आणि निळ्या रेषांचा ट्रिगर. दोन्ही अर्ध्या मीटरच्या वर जातात, दोन्ही कवच फोडणारे.

• टायटन ट्रिगर. ७५ सेंटिमीटर. घरच्या टाकीचा हा विषयच नाही. अंडी राखत असताना हा मासा पाणबुड्यांच्याही अंगावर धावून जातो आणि चावतो.

या यादीतला कुठलाही मासा 'वाईट' नाही, हे मुलांना पुन्हा सांगा. समुद्रात सी-अर्चिनची संख्या आटोक्यात ठेवायला यांचा उपयोगच होतो. फक्त त्यांचं घर वेगळं.

आता गणिताचा तास

मासा ठरला, म्हणजे झालं असं नाही. टाकी केवढी लागेल? ट्रिगर मासे सतत पोहतात. निळ्या हनुवटीच्या एका माशासाठीसुद्धा अनुभवी लोक साधारण सहा फूट लांबीची, ४५०-५०० लिटरहून मोठी टाकी सांगतात. मेलिक्थिस आणि लाल दातांच्या ट्रिगरला त्याहून मोठी.

मुलांना हे गणित द्या. टाकी १८० सेंमी लांब, ६० सेंमी रुंद, ६० सेंमी उंच.

१८० × ६० × ६० = ६,४८,००० घन सेंमी, म्हणजे ६४८ लिटर. (प्रत्यक्षात दगड-वाळूमुळे पाणी यापेक्षा कमी बसतं, हेही मुलांनी सांगितलं पाहिजे.)

समुद्राच्या एक किलो पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. लिटरला ३५ ग्रॅम धरले तर ६४८ × ३५ = २२,६८० ग्रॅम. म्हणजे साडेबावीस किलोहून जास्त मीठ, तेही समुद्राच्या पाण्यासाठी बनवलेलं खास मिश्रण, आपलं स्वयंपाकाचं नव्हे. आणि पाणी बदलताना पुन्हा पुन्हा लागणार.

वजन? खाऱ्या पाण्याची घनता साधारण १.०२५. म्हणजे ६४८ × १.०२५ = सुमारे ६६४ किलो नुसतं पाणी. काच, दगड, वाळू, स्टँड वेगळं. "बाई, म्हणजे आपल्या अख्ख्या वर्गातली पोरं एका टेबलावर!" एकानं लगेच हिशोब केला. आमचा पट २० आहे. सरासरी ३३ किलो धरले तर ६६० होतात. अगदी बरोबर!

मग त्या मुलीची टाकी मोजायला सांगितली. तिनं वडिलांबरोबर टेप लावून मोजली : १२० × ४५ × ५०. मुलांनी उत्तर काढलं, २७० लिटर. आणि सगळे एकदम गप्प झाले. कारण उत्तर समोर होतं. कसोटीत पास झालेला सगळ्यात लहान, सगळ्यात शांत ट्रिगरसुद्धा त्या टाकीत बसत नव्हता.

घेणारच असाल तर ही काळजी

टाकी मोठी आहे, खर्च झेपतो आणि मासाही योग्य निवडलाय, अशांसाठी काही गोष्टी.

टाकी आधी मुरू द्या. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो. त्याचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जीवाणू वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. त्याआधी मासा सोडणं म्हणजे त्याला विषात सोडणं. आठवीच्या मुलांना नायट्रोजन चक्र शिकवायला याहून चांगलं उदाहरण मिळणार नाही.

क्रम पाळा. कोळंबी आणि छोटे मासे आधी, ट्रिगर सगळ्यात शेवटी आणि लहान आकाराचा. आधीपासून राहणाऱ्यांना तो वस्तीचा भाग समजण्याची शक्यता जास्त. ट्रिगर आधी आणि कोळंबी नंतर, असं केलं तर तो कोळंबीला खाऊच समजेल. अगदी निळ्या हनुवटीच्या ट्रिगरबाबतही छोट्या कोळंबीची हमी कोणी देऊ नये.

थोडं थोडं, पण वेळेवर खायला द्या. प्लवक खाणारे मासे समुद्रात दिवसभर टिपत असतात. दिवसातून दोन-तीन वेळा मायसिस, बारीक कोळंबी असं खाणं लागतं. उपाशी ट्रिगर इकडेतिकडे तोंड मारायला लागतो. पण जास्त खाणं म्हणजे पाण्यात जास्त नायट्रेट, आणि ते प्रवाळांना सोसत नाही. म्हणून पाणी स्वच्छ करणारा स्किमर दमदार हवा.

फट ठेवा, झाकण ठेवा. रात्री काटा अडकवून झोपायला दगडांत एक जागा हवीच. दगड पक्के बसवलेले हवेत. आणि वर जाळीचं झाकण, कारण घाबरला की हा मासा उडी मारतो. सकाळी फरशीवर वाळलेला मासा बघणं लहान मुलांसाठी फार वाईट असतं.

जाळ्यानं पकडू नका. काटा जाळ्यात अडकतो. प्लास्टिकच्या डब्यात हाकलून उचला. आणि टाकीत हात घालताना मुलांना लांब ठेवा. ज्या दातांनी शंख फुटतो, त्यांना बोट काय अवघड!

आधी वेगळ्या टाकीत ठेवा. नवा मासा चारेक आठवडे वेगळा ठेवून रोग आहे का ते बघावं. प्रवाळांच्या टाकीत तांब्याचं औषध कधीच टाकायचं नाही. ते प्रवाळ, कोळंबी, गोगलगायी सगळ्यांना मारतं.

दुकानात विचारायचे प्रश्न

मुलांकडून ही यादी करून घ्या. प्रश्न विचारायची सवय लागते.

१. याचं शास्त्रीय नाव काय? (नुसतं 'ट्रिगर' हे उत्तर नाही.)
२. पूर्ण वाढ झाल्यावर केवढा होतो?
३. कुठल्या समुद्रातून आणला, कसा पकडला? काही देशांत मासे बेशुद्ध करायला सायनाइड वापरलं गेलं आहे. त्यात मासा आतून खराब होतो आणि प्रवाळंही मरतात.
४. आत्ता आमच्यासमोर खायला देऊन दाखवाल का?
५. नाही जमलं तर परत घ्याल का?

पाचवा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. कारण कधीही झालं तरी पाळलेला मासा नदीत, खाडीत किंवा समुद्रात सोडायचा नाही. परक्या समुद्रातला मासा तिथल्या जीवांना धोका ठरू शकतो.

आपल्याकडच्या पालकांसाठी एक महत्त्वाची गोष्ट

हे सगळं वाचून कुणाला वाटेल, आपणही मालवणहून दोन प्रवाळं आणावीत. कृपया तसं करू नका. दगडी प्रवाळं, काळी प्रवाळं, समुद्रपंखे यांना २००१ पासून वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत स्थान आहे. म्हणजे कायद्याच्या लेखी ती वाघाच्या रांगेत आहेत. समुद्रघोडे आणि सी-ककंबरही संरक्षित आहेत. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झालं. मुंबईत कोस्टल रोडच्या कामात वरळी आणि हाजीअलीच्या खडकांवरची प्रवाळं हलवावी लागली, तेव्हा सरकारी कामासाठीसुद्धा वन विभागाची परवानगी घ्यावी लागली होती. सहलीला गेलो आणि किनाऱ्यावरून तुकडा उचलून आणला, हेही नको.

मुलांना बघायचंच असेल तर ओहोटीच्या वेळी जाणकार माणसाबरोबर खडकाळ किनाऱ्यावर न्या. काही उचलायचं नाही, फक्त बघायचं आणि वहीत चित्र काढायचं. नाहीतर बंदरावर जा. आमच्या वर्गानं तेच केलं. त्या मुलाच्या वडिलांनी जाळ्यात आलेला एक लाल दातांचा ट्रिगर बाजूला ठेवला होता. मासा मेलेला होता, पण पाठीचा काटा उभा केला तर पक्का बसत होता. एकेकानं दुसरा काटा दाबून पहिला पाडून बघितला. पुस्तकातल्या चार ओळी त्या एका 'टक्' आवाजात कळल्या.

वर्गासाठी उपक्रम

• समोर बघणारं आणि वर बघणारं तोंड, अशी दोन चित्रं काढून प्रत्येक मासा काय खात असेल ते लिहा.
• पत्त्याच्या कार्डांवर प्रवाळ, कोळंबी, गोगलगाय, सी-अर्चिन आणि पाच ट्रिगर मासे काढा. कोण कोणाबरोबर राहू शकेल अशा जोड्या लावा आणि कारण सांगा.
• घरातल्या पाण्याच्या टाकीचं किंवा पिंपाचं आकारमान काढा. ते समुद्राच्या पाण्यानं भरायचं तर किती क्षार लागतील?
• 'आमच्याकडे फेकतात आणि तिकडे विकत घेतात' या वाक्यावर दहा ओळी लिहा.

शेवटी काय झालं?

पिकासो परत गेला. दुकानानं पैसे दिले नाहीत, पण मासा घेतला, आणि प्रवाळं नसलेल्या मोठ्या टाकीत ठेवला. मुलगी निरोप द्यायला गेली होती.

पुढच्या कॉलवर तिच्या वडिलांनी विचारलं, "मग आता निळ्या हनुवटीचा घ्यायचा का?" ती माझ्याकडे बघत म्हणाली, "आजी, तुमच्या मुलांनी सांगितलं ना, आपली टाकी २७० ची आहे. त्याला जागा पुरणार नाही." तिनं दोन नव्या कोळंब्या घेतल्या आणि ट्रिगरचं चित्र काढून टाकीच्या शेजारी भिंतीवर लावलं. चित्रात काटा उभा आहे आणि तोंड वर बघतंय.

आमच्या वर्गानं ते चित्र बोर्डवर पाहिलं. मागच्या बाकावरचा तो मुलगा म्हणाला, "बाई, बरोबर काढलंय."